फाल्गुनातला तलाव, गळ आणि कार्प: इंदूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

वसंतपंचमी झाली की माझा फोन वाजायला लागतो. भाचे, भाच्यांचे मित्र, शेजारचे, कुणी महूहून, कुणी देवासहून. प्रश्न बहुतेक तेच. मी मत्स्यतज्ज्ञ नाही, सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारा माणूस आहे. तरी तेच ते सांगून घसा बसला, म्हणून ही उत्तरं एकदा लिहून काढली. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. काका, वसंतातली मासेमारी नेमकी कधी सुरू करायची? वसंतपंचमीपासून?

नाही. पंचांगातला वसंत आधी येतो, पाण्यातला मागाहून. वसंतपंचमीला माळव्यात रात्री रजई लागते आणि तलावाचं पाणी तर त्याहून गार असतं. मी पळसाकडे बघतो. महू रस्त्याला पळस फुलला आणि शेतातला गहू पिवळा पडू लागला, की काठी बाहेर काढतो. साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत हा हंगाम चालतो. एप्रिलच्या उन्हाचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

२. कार्प म्हणजे कुठला मासा? आम्ही तर रोहू पकडतो.

रोहू कार्पच आहे. आपल्याकडचे तीन मोठे कार्प म्हणजे रोहू, कटला आणि मृगळ. मृगळाला इकडचे भोई ‘नरेन’ म्हणतात. बाहेरून आलेले तीन आहेत: सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प, गवत्या म्हणजे ग्रास कार्प आणि चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प. सायप्रिनसची एक जात १९३९ साली सिलोनहून निलगिरीत आली, दुसरी १९५७ साली बँकॉकहून. गवत्या आणि चंदेरा हे चिनी कुळातले मासे १९५९ साली आपल्याकडे आले.

ओळखायला सोपे आहेत. डोकं भलंमोठं आणि खालचा जबडा वर वळलेला असेल तर कटला. ओठाला झालर आणि खवल्यांवर लालसर झाक असेल तर रोहू. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीवर लांबलचक पर, त्याच्या पुढच्या काट्याला करवतीसारखे दात, हा सायप्रिनस. तो काटा हाताला लागला की पुन्हा ओळख विसरत नाही.

तोंड बघितलं की मासा कुठे चरतो तेही कळतं. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. आमिषाचा सगळा विचार इथून सुरू होतो (प्रश्न ७).

३. इंदूरमध्ये कुठे जायचं? सिरपूरला गेलं तर?

सिरपूरला दुर्बीण घेऊन जा. सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही पाणथळं २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूरला उदयपूरसोबत देशातल्या पहिल्या पाणथळ-मान्यताप्राप्त शहरांचा मान मिळाला. यशवंतसागर गंभीर नदीवर आहे, शहराच्या पश्चिम भागाला तिथून पाणी येतं, आणि त्या परिसरात सारस असतात. अशा जागी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडून आलात तर पुढच्या महिन्यात ती कुणा पक्ष्याच्या पायात सापडते. मी तिथे काठी नेत नाही.

मी जातो खेड्यातल्या तलावांवर. इंदूरभोवती महू, देपालपूर, सांवेर या बाजूंना ते पुष्कळ आहेत. माझा तलाव कुठला हे मात्र विचारू नका, एवढं गुपित माणसाला असावं.

४. परवानगी लागते का? तलाव तर सरकारी आहे ना?

तलाव सरकारी असला तरी त्यातला मासा बहुधा कुणीतरी सोडलेला असतो. तलाव पट्ट्यावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने दिलेले असतात, बरेचदा मच्छीमार सहकारी समितीला. समितीवाले बीज, म्हणजे माशांची पिल्लं, विकत आणून सोडतात, राखण करतात, मग मासा काढतात. आपण न विचारता काढलेला एक रोहू म्हणजे त्यांच्या गोठ्यातली कोंबडी उचलून नेण्यासारखंच आहे. गावात जाऊन पट्टा कुणाकडे आहे ते विचारा, दिवसाचे पैसे आणि किती मासे न्यायचे हे आधीच ठरवा. आजवर मला बहुतेकांनी हो म्हटलंय, आणि वर चहा पाजलाय.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. वसंताशी त्याचा संबंध नाही, पण याच तारखांमुळे एक पेच निर्माण होतो. तो प्रश्न १४ मध्ये.

५. पहाटे चारला निघायचं ना? मासा पहाटे चांगला लागतो म्हणतात.

याच प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसलो. उन्हाळ्यात पहाटेचं म्हणणं खरं आहे. फाल्गुनात नाही.

या दिवसांत दुपारी हवा तिशीला टेकते आणि रात्री पारा बारा-तेरापर्यंत उतरतो. हवा तासाभरात तापते, पाण्याला दिवस लागतो. रात्रभर काठचं उथळ पाणी निवत जातं, म्हणजे सूर्योदयाला तुम्ही जिथे गळ टाकून बसता ती जागा दिवसभरातली सगळ्यात गार असते. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार तर त्याचं पचन मंद, भूकही मंद. शिवाय कार्पला जठर नसतं. एकदाच पोटभर खाऊन साठवून ठेवणं त्याला जमत नाही, तो दिवसभर थोडं थोडं चरतो. गारठ्यात मात्र तेही सोडून खोल पाण्यात स्वस्थ पडून राहतो.

म्हणून घरी पोहे खाऊन निघा. आठ-साडेआठला तलावावर पोहोचलं तरी चालतं. पहिला तास काठी न लावता नुसता काठाने फिरण्यात घालवा: कुठे बुडबुड्यांची रांग उठतेय, कुठे पाणी गढूळ होतंय, कुठे पाठ दिसतेय. दहानंतर ऊन पाण्यात उतरलं की हालचाल सुरू होते. माझे बहुतेक मासे अकरा ते एक आणि मग चार ते मावळतीच्या दरम्यान लागलेत. मधला वेळ डब्यासाठी.

एका स्वस्त थर्मामीटरला दोरी बांधून पाण्यात सोडत जा. पाणी अठराच्या खाली असेल तर रोहूची आशा कमी ठेवा, सायप्रिनस मात्र त्याहून गार पाण्यातही चरतो. वीसच्या वर गेलं की सगळेच जागे होतात.

६. सामान किती लागतं? दुकानदार पंधरा हजारांची यादी देतो.

यादी त्याच्यासाठी आहे. तुम्हाला लागेल दहा-बारा फुटी काठी, साधी रील, ०.३० मिलिमीटरची तंगूस, ६ आणि ८ नंबरचे गळ, थोडं शिसं आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंग, म्हणजे मासा चावला की हलणारी पाण्यावरची खूण. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे लक्षात ठेवा. दरवर्षी कुणीतरी ‘मोठा मासा, मोठा नंबर’ म्हणून मुंगीएवढे गळ घेऊन येतो.

तंगूस घेताना दोन हातांत ताणून बघा. एका दुकानातून मी उन्हात लटकवून ठेवलेलं रीळ स्वस्त म्हणून घेतलं होतं. चार किलोच्या आसपासचा सायप्रिनस काठाशी आला आणि ती दोऱ्यासारखी तुटली. तो मासा चार किलोचाच होता हे माझं म्हणणं घरात कुणी मानत नाही.

हातजाळं आणि जुनं गोणपाट न्याच. आणि पायात जाड तळाचे बूट घाला. आपल्याकडच्या तलावांत शिंगाडा लावतात, त्याची जुनी काटेरी टरफलं चिखलात राहतात. चपलेतून आरपार जातात.

७. आमिष कोणतं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण प्रत्येकाचा मासा वेगळा असतो. माझा नेहमीचा गोळा असा: दोन वाट्या कणीक, एक वाटी सातूचं पीठ, अर्धा चमचा भाजलेल्या मेथीची पूड, सुपारीएवढा गूळ. तलावाच्याच पाण्यात मळायचं. कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की थांबायचं. जास्त सैल झालं तर फेकतानाच गळून पडतं, घट्ट झालं तर गळ ओठात रुतत नाही. रोहू आणि मृगळ यावर येतात.

सायप्रिनसला गांडूळ, भिजवून उकडलेले मक्याचे दाणे किंवा हरभरे. दाणे नीट शिजलेले हवेत, बोटाने दाबून फुटले पाहिजेत. कटला मोठे घास घेत नाही, तो पाण्यातलं बारीक सूक्ष्म खाद्य गाळून खातो. त्याच्यासाठी सातूचा भुसभुशीत लाडू करून भोवती दोन-तीन लहान गळ लटकवतात आणि तरंगाखाली वरच्या थरात ठेवतात. लाडू विरघळून ढग होतो, कटला तो ढग ओढतो आणि त्याबरोबर गळही जातो. गवत्यासाठी बरसीम या हिरव्या चाऱ्याची जुडी. चंदेऱ्याच्या नादी लागू नका.

या ऋतूत एकच फरक करा: आमिष लहान ठेवा. जून महिन्यात लिंबाएवढा गोळा गिळणारा रोहू मार्चच्या सुरुवातीला वाटाण्याएवढ्याच घासाला तोंड लावतो.

८. कणकेत जिरावण (आपला पोह्यांवरचा मसाला) टाकलं तर?

टाकून बघितलंय. मासा आला नाही, पण बरोबरचा मित्र कणीक चाखत बसला. मेथी पुरे.

९. आधी चारा टाकून मासे गोळा करायचे असतात ना? किती टाकू?

दोन मुठी. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड रात्री भिजवून ठेवा, सकाळी मूठभर मातीत कालवून गोळे करा म्हणजे तळाशी जातील. गार पाण्यात मासा आधीच कमी खातो. त्याला पाच किलोचं जेवण वाढलंत तर तो ते संपवण्याआधीच तुमची घरी जायची वेळ होते. चावे सुरू झाले की तासाने आणखी एक मूठ.

मोहाची पेंड मात्र चुकूनही टाकू नका. मागच्या वर्षी दोघांनी ‘वास छान येतो’ म्हणून विचारलं होतं. मोहाच्या पेंडीत सॅपोनिन असतं, ते माशाच्या रक्तपेशी फोडतं. नवं बीज सोडण्याआधी तलावातले नको असलेले मासे मारायला मत्स्यशेतीवाले हीच पेंड वापरतात. दुसऱ्याच्या पट्ट्याच्या तलावात ती टाकलीत तर काय होईल ते सांगायला नको.

१०. तलाव मोठा आहे. बसायचं कुठे?

ऊब जिथे, मासा तिथे. उत्तरेकडून गार वारा असेल तर उत्तरेच्या काठाला बसा: बांधाआड वारा लागत नाही आणि ऊन सरळ पाण्यावर पडतं. दुपारी वारा फिरून कोमट झाला तर वारा ज्या काठाला लाटा नेतोय तो काठ धरा, कारण वरचं तापलेलं पाणी आणि त्यातलं खाद्य तिकडे सरकतं. अशा दुपारी हवेशीर म्हणून पाठीवर वारा घेऊन बसायची सवय महाग पडते.

बेशरमाच्या झुडपांची रांग पाण्यात उतरलेली असेल, आणि शेजारीच चार-पाच हात खोली असेल, तर तिथून हलू नका. खोल आणि उथळ यांच्या वेशीवर मासा दिवसभर ये-जा करतो. अपवाद: त्याच झुडपांत खळबळ चालू असेल तर प्रश्न १४ वाचा.

११. तरंग थरथरतो, पण ओढलं की रिकामा गळ. काय चुकतंय?

दोन शक्यता. एक, ते कार्प नाहीतच. तिलापिया किंवा बोटाएवढी चिल्लीपिल्ली कणीक टोचून नेतायत. कणकेऐवजी मक्याचा दाणा लावा, थरथर थांबेल.

दुसरी, ओढायची घाई. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो घास आधी तोंडात ओढतो, चाचपतो, नको वाटला तर थुंकतो, आणि पुन्हा ओढतो. तरंगाचं नाचणं हे चाचपणं असतं. तरंग तिरका होऊन सरळ चालू लागला किंवा अलगद आडवा पडला तर ओढा. आडवा पडणं म्हणजे मासा तळावरून घास उचलून वर आला आणि शिशाचा भार गेला. नवखे इथेच चुकतात: तरंग बुडायची वाट बघत बसतात.

१२. यूट्यूबवर विलायतेतले लोक उकडलेल्या गोळ्या गळाच्या बाहेर लटकवतात. आपल्याकडे चालतं?

सायप्रिनसवर छान चालतं, कारण त्यांचा मासाही तोच. युक्ती अशी की गोळी गळात न ओवता गळाच्या मागे केसासारख्या बारीक दोऱ्यावर लटकवायची. मासा गोळी ओढतो, थुंकतो, थुंकताना मोकळा गळ ओठात अडकतो. सोबत जड शिसं असेल तर तो आपणच टोचून घेतो.

गोळ्या घरी होतात: रवा, सोयाबीनचं पीठ, अंडं. मळून बोराएवढे गोळे करायचे, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात सोडायचे, पंख्याखाली वाळवायचे. अंड्यासाठी वेगळं पातेलं घ्या, आमच्या घरी त्यावरून महाभारत झालं होतं. रोहूला मात्र इतक्या टणक गोळीत फारसा रस नसतो.

१३. सगळं बरोबर केलं, तरी दिवसभर एक चावा नाही. आठवड्यापूर्वी तिथेच सहा मासे लागले होते!

मधल्या आठवड्यात काय झालं ते आठवा. मार्चमध्ये अचानक ढग येऊन पाऊस पडतो, कधी गारपीट होते, आणि मागून दोन दिवस गार वारं सुटतं. हवा तिसऱ्या दिवशी सावरते, पाणी त्यानंतर. अशा वेळी मी उन्हाचे तीन दिवस जाऊ देतो. जायचंच असेल तर खोल पाणी, एकच गांडूळ आणि कमी अपेक्षा.

दुसरं कारण शेतातलं असतं. गव्हाचं शेवटचं पाणी चालू असताना तलावावर पंप बसतात आणि पाणी रोज थोडं खाली जातं. पाणी उतरू लागलं की मासा काठ सोडतो. मागच्या खेपेची ओली रेघ काठावर दिसेल. ती पाण्यापासून हातभर लांब गेली असेल तर जुनी जागा विसरा आणि खोलीकडे सरका.

१४. काठाशी गवतात मोठे मासे अक्षरशः उसळतायत, हाताने धरता येतील असे. तिथे गळ टाकू का?

टाकू नका. ती सायप्रिनसची विण चालली आहे. मादी पाणवनस्पतींवर अंडी सोडते, ती चिकट असतात म्हणून तिथेच राहतात, आणि नर मागून धडका देत असतात. किलोमागे लाखभर अंडी असतात. त्या वेळी मासा खायच्या मनःस्थितीत नसतोच, गळ लागला तर अंगात कुठेतरी भोसकला जातो.

प्रश्न ४ मधला पेच हाच. बंदीचा काळ आपल्या देशी कार्पसाठी बरोबर आहे, कारण रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात वाहत्या पाण्यात वितात. साचलेल्या तलावात ते वितच नाहीत. म्हणून त्यांचं बीज केंद्रात इंजेक्शन देऊन तयार करावं लागतं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुलला हे पहिल्यांदा साधलं, आणि ती तारीख आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. सायप्रिनस मात्र जानेवारी ते मार्चमध्येही तलावातच वितो. म्हणजे कायद्याने त्या दिवशी तुम्ही मोकळे असता. पट्टेदारही कधी ‘काढा हो’ म्हणतो. मी त्या काठावरून उठून समोरच्या काठाला जातो, तिथे रोहू बघतो.

१५. लागलेला मासा परत सोडायचा असेल तर?

हात ओले करा, गोणपाट भिजवा, मासा त्यावर ठेवा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून फोटो काढायचा असेल तर तो मासा घरीच न्या, सोडून उपयोग नाही. पाण्यात दोन्ही हातांनी सरळ धरा. तो शेपूट मारून स्वतः निघाला की सोडा.

१६. आमच्याकडे मासे खातात, पण तलावाचा मासा आणला की आई म्हणते मातकट लागतो.

आई बरोबर म्हणते. तो वास चिखलाचा नसून जिओस्मिनचा असतो. पाण्यातले आणि तळातले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत साठतं. आंबटाने ते मोडतं, म्हणून चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून अर्धा तास ठेवा, मगच हळद-मीठ. कातडी आणि पोटाकडची चरबी काढलीत तर आणखी फरक पडतो. सायप्रिनसला हा वास सर्वात जास्त येतो, रोहूला कमी.

या दिवसांत सायप्रिनसच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, निघते, आणि सीकेपी घरांतून तिची खास मागणी येते. माझं उत्तर प्रश्न १४ मध्ये आलंच आहे, पण ताटात आलेली मी परत पाठवलेली नाही.

१७. गळाला कासव लागलं तर काय करायचं?

ओढू नका आणि घरी तर अजिबात आणू नका. आपल्या तलावांतली कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. गळ तोंडाशी वरवर असेल तर पक्कडीने काढा. गिळलेला असेल तर तंगूस तोंडाजवळ कापा आणि वनखात्याला कळवा. मान लांब करून ते चावतं, तेव्हा मागून धरा.

कधी चोरलकडे किंवा नर्मदेच्या बाजूला गेलात आणि मोठ्या खवल्यांचा बाडस, म्हणजे महाशीर लागला, तर तोही सोडा. तो २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेत फार कमी उरलाय.

१८. मुलांना न्यावं का?

न्या, पण बांधाच्या दगडी उतारावर बसवू नका, शेवाळाने पाय सटकतो. पोहता येत असलं तरी तरंगजाकीट घाला. आणि वर बघा: पंपांसाठी ओढलेल्या विजेच्या तारा काठावर खाली लोंबत असतात. कार्बनच्या काठीतून वीज जाते. तारेखाली काठी उभी करायची नाही, हे मोठ्यांनाही लागू.

१९. रंगपंचमीला सगळं शहर राजवाड्यावर असतं. त्या दिवशी तलाव रिकामा मिळेल ना?

सकाळी मिळेल. पण गावांतही रंग खेळतात, आणि दोन वाजता अख्खं गाव धुवायला त्याच तलावात उतरतं. शिवाय गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली की शहरातून बाहेर पडायचे रस्ते बंद होतात. मी त्या दिवशी राजवाड्यावरच असतो.